पामची पाने वाचताना

पाम ही एकदल वनस्पती आहे, म्हणजे बांधणीच्या दृष्टीने ती वड-पिंपळापेक्षा गवताला अधिक जवळची आहे, आणि ही एक गोष्ट नीट समजली की पामची निगा राखण्यातले निम्मे प्रश्न सुटतात. इतर वृक्षांच्या सालीखाली खोड वर्षानुवर्षे जाड करत नेणारा पेशींचा एक थर असतो. तो पामला नसतो. त्यामुळे पामचे खोड एकदा उंच जाऊ लागले की इतर झाडांसारखे जाड होत नाही, खोडावर झालेली जखम कधीही भरून येत नाही, आणि एकदांडी जातींत सगळ्या झाडाचा जीव शेंड्यातल्या एकाच कोंबावर टिकून असतो. तो कोंब मेला तर बाजूने दुसरी फांदी फुटण्याची सोय नसते. उष्ण हवेत शोभेचे पाम वाढवण्याचे काम मी बरीच वर्षे करते आहे. बी रुजवण्यापासून ते वाढलेले झाड मुळांसकट दुसरीकडे हलवण्यापर्यंत बहुतेक टप्पे त्यात येऊन गेले. या सगळ्यातून माझे एक ठाम मत झाले आहे की पामची प्रकृती पानांवरून ओळखावी. सर्वांत जुन्या झावळ्या त्याला खायला काय कमी पडते आहे ते सांगतात, आणि सर्वांत नवे पान मुळे व कोंब कसे आहेत ते सांगते. या दोन टोकांकडे नियमित पाहणाऱ्याला पाम सहसा अचानक धक्का देत नाही.

सुरुवात मी फॉक्सटेल पामपासून केली. जगात पामच्या सुमारे २६०० जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक उष्ण कटिबंधातल्याच आहेत, तरी बी हाताळायला सोपे, वाढ बऱ्यापैकी वेगवान आणि खोड स्वच्छ ठेवणारी जात हवी असेल तर फॉक्सटेलइतका चांगला पर्याय मला दुसरा दिसत नाही. हा पाम मूळचा ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या केप मेलव्हिल या दुर्गम, अवाढव्य ग्रॅनाइट शिळांच्या प्रदेशातला, आणि वनस्पतिशास्त्रात त्याचे रीतसर वर्णन झाले ते थेट १९८३ साली. इतक्या अलीकडे जगाला माहीत झालेला पाम आज उष्ण प्रदेशांतल्या रस्त्यांच्या कडेला आणि बागांत सर्वत्र दिसतो, याचे श्रेय त्याच्या सोशिकपणाला आहे. खडकाळ, पाणी न साठणाऱ्या जमिनीत वाढायची त्याची मूळची सवय बागेतही उपयोगी पडते.

पामचे बी ताजेच हवे. बहुतेक जातींचे बी सुकत ठेवले की त्याची रुजण्याची शक्ती झपाट्याने कमी होते, म्हणून मी फळे झाडावर पूर्ण नारिंगी-लाल झाल्यावरच घेते आणि लगेच कामाला लागते. फळाचा गर काढून टाकणे आवश्यक असते, कारण तो राहिला तर बुरशी धरतो आणि रुजण्यालाही अडथळा आणतो. हे काम हातमोजे घालूनच करावे; अनेक पामांच्या गरात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात आणि त्यांनी त्वचेची तासन्‌तास आग होते. फॉक्सटेलचा गर काढला की आतली कठीण कवची समोर येते आणि तिच्यावर काळे, चपटे, टोकाशी दुभंगलेले तंतू दाट चिकटून बसलेले दिसतात. हे तंतू ओढून काढण्याची गरज नसते. गर निघालेले बी मी दोनेक दिवस पाण्यात ठेवते, पाणी रोज बदलते, आणि नंतर ओलसर कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, मिसळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवते. कोकोपीट मुठीत दाबले असता पाणी ठिबकू नये, पण हाताला ओल लागावी, इतकाच ओलावा असावा. पामच्या बियांना साधारण ३० ते ३५ अंश सेल्सिअस तापमान मानवते. प्रकाशाची तेवढी गरज नसते, ऊब मात्र सतत हवी.

यानंतर वाट पाहणे हेच खरे काम असते. एकाच घोसातल्या, एकाच दिवशी भरलेल्या बियांपैकी काही दोन-तीन महिन्यांत रुजतात आणि काही त्याच पिशवीत त्याहून कितीतरी काळ निपचित पडून राहून मग रुजतात. म्हणून मी कुजल्याची खात्री झाल्याशिवाय कोणतेही बी फेकत नाही. रुजणारे बी पाहण्याजोगे असते. कवचीच्या एका टोकाशी असलेली बारीक गोल चकती आधी थोडी वर उचलली जाते, तिच्याखालून पांढरा, बोथट उंचवटा बाहेर येतो, आणि त्यातून मूळ खाली वळते. हिरवे काही दिसायला त्यानंतरही बराच अवधी लागतो. पहिले पान पिसासारखे नसते, साधे आणि टोकाशी दुभंगलेले असते, आणि पुढची अनेक पाने थोड्याफार फरकाने तशीच येतात. कोल्ह्याच्या शेपटासारखी गच्च भरलेली झावळी दिसायला रोपाला बरीच पाने काढावी लागतात.

बिस्मार्क पामची तऱ्हा याहून वेगळी आहे आणि ती आधी माहीत असल्यामुळेच माझी रोपे नीट वाढली. मादागास्करच्या या रुपेरी-निळ्या पंखापानांच्या पामचे बी रुजताना त्यातून एक जाड दांडा निघतो आणि तो सरळ खाली जमिनीत शिरतो. रोप त्या दांड्याच्या टोकापासून, म्हणजे बीपासून बरेच खाली, तयार होते आणि मग माती फोडून वर येते. उथळ ट्रेमध्ये हा दांडा तळाला आपटून वाकतो. यासाठी मी बिस्मार्कचे बी एकेक करून उंच, अरुंद कुंड्यांत लावले आणि ते थेट जमिनीत जाईपर्यंत मधे कुठेही मुळे उघडी पडू दिली नाहीत. याची मुळे छेडली गेलेली त्याला अजिबात खपत नाहीत. पानांवरचा तो निळसर रंग म्हणजे मेणाचा थर असतो, तेव्हा कौतुकाने पान पुसण्याचा मोहही टाळावा.

कुंडीतल्या काळाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. पाणी धरून न ठेवणारे भरड मिश्रण, सुरुवातीला विरळ सावली, नंतर टप्प्याटप्प्याने ऊन, आणि मुळांनी कुंडी भरली की थोडी मोठी कुंडी, एवढे केले की पुरते. एक गोष्ट मात्र पाहुण्यांना पुन्हापुन्हा समजावावी लागते: जमिनीत लावल्यावरही पाम काही वर्षे उंच होत नाही, फक्त पाने मोठी होत जातात. या काळात खोड जमिनीलगत रुंदीने तयार होत असते, आणि पूर्ण जाडी आल्याशिवाय पाम उंचीकडे वळत नाही. तो पाया जितका चांगला पोसला जाईल तितके पुढचे खोड भरदार होते.

जागा निवडताना मी दोन गोष्टी तपासते. पहिली म्हणजे डोक्यावर काय आहे. पामचा शेंडा छाटून उंची आवरता येत नाही. शेंडा छाटणे म्हणजे झाड मारणे. त्यामुळे विजेच्या तारांखाली रॉयल पामसारखा २० मीटरच्या पुढे जाणारा वृक्ष लावू नये. दुसरी गोष्ट म्हणजे निचरा. खड्डा काढून तो पाण्याने भरावा आणि पाणी किती वेळाने जिरते ते पाहावे. दुसऱ्या दिवशीही पाणी तसेच उभे असेल तर त्या जागी उंचवटा करून लावावे किंवा पाणी सोसणारी जात निवडावी. खड्ड्यात शेणखत कोंबून भरण्याची पद्धत मी पाळत नाही. सेंद्रिय माल कुजून खाली बसतो आणि झाड त्याच्याबरोबर खोल जाते. खड्ड्यातून निघालेलीच माती परत भरून वरून आच्छादन आणि खत देणे मला अधिक योग्य वाटते.

खोल जाण्याचा हा मुद्दा मी इतक्या आग्रहाने मांडते त्याला कारण आहे. माझ्याकडे देखभालीसाठी आलेल्या एका बागेत रॉयल पामची एक रांग होती. त्यातली बाकीची झाडे तजेलदार होती, पण टोकाचे एक झाड कितीही खतपाणी दिले तरी फिकटच होते. त्याची नवी पाने पिवळट येत, जुनी मात्र हिरवी राहत. जुनी पाने हिरवी आणि नवी पिवळी म्हणजे बहुधा लोहाची कमतरता, आणि पामच्या बाबतीत लोह कमी पडण्याचे कारण अनेकदा मातीत लोह नसणे हे नसून मुळांना हवा न मिळणे हे असते. बुंध्याजवळची माती हाताने बाजूला करत गेले तेव्हा हातभर खोलीपर्यंत सरळ खोडच लागले. मुळे जिथून फुटतात तो भाग त्याच्याही खाली होता. लावताना झाड वाऱ्याने डोलू नये म्हणून कोणीतरी ते मुद्दाम खोल गाडले असावे. इतर झाडांच्या तुलनेत पाम असे गाडले जाणे काही काळ सोसतो आणि म्हणूनच दोष लवकर ध्यानात येत नाही. आम्ही त्याच्या भोवती रुंद आळे काढून माती मूळच्या पातळीपर्यंत उतरवली, आळ्यात पाणी साचू नये म्हणून एका बाजूने उताराचा चर काढला, आणि खते पूर्ण थांबवून फक्त पाण्याचा समतोल ठेवला. पुढच्या हंगामात येणारे प्रत्येक पान आधीच्यापेक्षा थोडे अधिक हिरवे निघाले. रोप ज्या पातळीवर कुंडीत होते त्याच पातळीवर जमिनीत लावावे हा नियम साधा आहे आणि त्याला अपवाद करू नये.

पाण्याबाबत सांगायचे तर लावल्यानंतरचे पहिले काही महिने मुळांचा गड्डा सुकू देऊ नये, आणि झाड रुळले की पाणी कमी वेळा पण खोलवर द्यावे. पाणी खारट असेल तर अरेका पामच्या पर्णिकांची, म्हणजे झावळीतल्या सुट्या पात्यांची, टोके करपतात. अशा वेळी अधूनमधून भरपूर पाणी सोडून क्षार खाली धुऊन काढणे हाच उपाय आहे. कोंबावर मात्र सतत पाण्याचा फवारा पडू देऊ नये.

आता खतांकडे येते, कारण पाने वाचण्याचा खरा उपयोग इथे होतो. उष्ण, पावसाच्या, हलक्या वालुकामय जमिनीत पामला सर्वांत जास्त भासते ती पालाशची (पोटॅशियमची) उणीव. तिची खूण सर्वांत जुन्या, खालच्या झावळ्यांवर दिसते: पान उजेडासमोर धरले तर त्यात पिवळे-नारिंगी, अर्धपारदर्शक ठिपके दिसतात, आणि पुढे पर्णिकांची टोके तपकिरी होऊन वाळत येतात. पालाश कमी पडला की पाम तो जुन्या पानांतून काढून नव्या पानांना पुरवतो. म्हणजे ती ठिपक्यांची झावळी कुरूप दिसत असली तरी ती झाडाची शिदोरी असते. ती नीटनेटकेपणासाठी छाटली तर पाम तिच्या वरच्या पानातून पालाश काढू लागतो आणि रोग एक पायरी वर चढतो. मी एकाच वेळी लावलेल्या दोन बॉटल पामांवर हे अगदी जवळून पाहिले. एका झाडाच्या ठिपकेदार झावळ्या घरातल्या मंडळींच्या आग्रहाने काढल्या जात होत्या, दुसऱ्याच्या मी काढू दिल्या नाहीत. बॉटल पामला मुळातच मोजकीच पाने असतात, त्यामुळे फरक लवकर दिसला: पहिल्याच्या माथ्यावर जेमतेम तीन-चार झावळ्या उरल्या आणि दुसऱ्याचा माथा भरलेला राहिला. मॉरिशसजवळच्या राउंड आयलंड या लहानशा बेटावर मूळच्या अधिवासात फारच थोडी झाडे उरलेल्या या जातीला आपल्या अंगणात तरी उपाशी ठेवू नये, असे मला मनापासून वाटते.

मॅग्नेशियमची कमतरताही जुन्याच पानांवर दिसते, पण तिचे रूप निराळे असते. पानाच्या कडेने रुंद, स्वच्छ पिवळा पट्टा येतो आणि मधला भाग हिरवा राहतो. ठिपके नसतात. पालाश आणि मॅग्नेशियम यांचा एकमेकांशी संबंध आहे; नुसता पालाश भरमसाट दिला तर मॅग्नेशियम मागे पडते, म्हणून दोन्ही बरोबरच द्यावे लागतात. फ्लोरिडा विद्यापीठातील अभ्यासकांनी पामसाठी नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश यांचे ८-२-१२ असे प्रमाण आणि सोबत ४ टक्के मॅग्नेशियम सुचवले आहे, आणि त्यात नत्र, पालाश व मॅग्नेशियम हळूहळू सुटणाऱ्या स्वरूपात असावे असा त्यांचा आग्रह आहे. माझ्या अनुभवात नेमके आकडे जुळवण्यापेक्षा या प्रमाणातला अर्थ पाळणे महत्त्वाचे ठरले: स्फुरद नाममात्र, पालाश नत्रापेक्षा जास्त, आणि मॅग्नेशियम विसरायचे नाही. हिरवळीला दिले जाणारे भरपूर नत्राचे खत पामच्या मुळांपर्यंत पोहोचले तर झाड हिरवे आणि जोमदार दिसू लागते, पण त्या वेगाला पालाश पुरत नाही आणि उणीव आणखी तीव्र होते. म्हणून पाम हिरवळीच्या मधोमध असतील तर सगळ्या हिरवळीलाच पामचे खत द्यावे. हिरवळीचे त्याने काही बिघडत नाही.

मँगनीजची गोष्ट नव्या पानाकडे नेते. एका रॉयल पामचे नवे पान उघडले तेव्हा त्याच्या पर्णिका आखूड, पिवळट आणि आगीची झळ लागल्यासारख्या आक्रसलेल्या होत्या. खालची सगळी पाने उत्तम होती. त्या जागी पूर्वी बांधकामाचा चुना आणि राडारोडा पडलेला होता. चुन्यामुळे माती अल्कधर्मी झाली की मँगनीज मातीत असूनही मुळांना उचलता येत नाही, आणि ही उणीव वाढली तर कोंबच मरतो, त्यामुळे तिच्याकडे पालाशइतक्या सबुरीने पाहून चालत नाही. मी राडारोडा शक्य तितका काढला, आळ्यात मँगनीज सल्फेट दिले आणि पानांवरही सौम्य द्रावण फवारले. त्यानंतरही पुढची काही पाने वाकडीच आली. पामचे पान उघडण्याच्या कितीतरी महिने आधी कोंबाच्या आत आकार घेत असते. आज दिलेल्या खताचा परिणाम आज उघडणाऱ्या पानावर दिसू शकत नाही. हे ठाऊक नसेल तर माणूस अधीर होऊन दुप्पट मात्रा देतो. मी तारीखवार टिपणे ठेवली आणि प्रत्येक नव्या पानाच्या देठाला रंगीत दोरा बांधत गेले, त्यामुळे कोणते पान उपचारापूर्वी तयार झालेले आणि कोणते नंतरचे हे सांगता येत होते. बाधित पानांच्या माथ्यावर हळूहळू सरळ पर्णिकांचे पान आले तेव्हा उपचार लागू पडल्याची खात्री झाली.

छाटणीविषयी माझे मत कडक आहे. पाम छाटल्याने वाढत नाही, दाट होत नाही, वादळात अधिक टिकत नाही. पूर्ण वाळलेली झावळी आणि डोक्यावर पडण्याचा धोका असेल तर फळांचे घोस, एवढेच काढावे. माथ्यावर केवळ चार पाने उभी ठेवून बाकी सर्व साफ करण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते, आणि दर वेळी ते पाहून मला वाईट वाटते, कारण झाडाचे अन्न तयार करणारी सगळी यंत्रणा त्यात काढून टाकलेली असते. घड्याळाच्या काट्यांत सांगायचे तर नऊ आणि तीनच्या रेषेच्या वरचे एकही हिरवे पान कापू नये. रॉयल आणि फॉक्सटेल पाम तर जुनी झावळी स्वतःच टाकतात. ती टाकण्याआधी ओढून सोलली तर आतली कोवळी हिरवी नळी उघडी पडते आणि तिथे आलेला ओरखडा कायम राहतो. खोडावर चढण्यासाठी खिळ्यांचे जोडे वापरू देऊ नयेत, दिव्यांच्या माळांसाठी खिळे ठोकू नयेत. प्रत्येक भोक ही कायमची उघडी वाट असते.

ही वाट कोणासाठी उघडते ते सांगायला हवे. गेंड्या भुंगा आणि सोंड्या भुंगा हे पामचे दोन मोठे शत्रू. गेंड्या भुंग्याचा प्रौढ रात्री शेंड्यात शिरून मिटलेले पान कुरतडतो. पुढे ते पान उघडले की त्यात कात्रीने कापल्यासारखी त्रिकोणी खिंडारे दिसतात. नुकसान मागे झालेले असते आणि त्याची पावती नंतर मिळते. लाल सोंड्या भुंग्याचे काम अधिक घातक असते, कारण त्याच्या अळ्या खोडाच्या आत राहून गाभा खातात आणि बाहेरून झाड दीर्घकाळ धडधाकट दिसते. ताज्या जखमेच्या वासाने हा भुंगा येतो आणि गेंड्या भुंग्याने केलेल्या भोकांतही अंडी घालतो. माझ्या देखरेखीतल्या एका खजूरवर्गीय पामच्या बुंध्याजवळ एकदा बोटभर उंचीवर तांबूस, चिकट ओघळ आणि त्याखाली चघळलेल्या तंतूंचा ओला भुगा दिसला. खोडाला कान लावला तर आत कुरकुर ऐकू येत होती. मधले पान अजून ताठ होते, म्हणून कोंब शाबूत असण्याची आशा होती. भोके मोकळी करून जाणकाराच्या देखरेखीखाली आत औषध सोडले, बाहेरून भोके लिंपली, आणि आवाज थांबेपर्यंत रोज खोड तपासले. ते झाड वाचले, पण अशा वेळी मधले पान कलले असते तर उपयोग झाला नसता. तेव्हापासून हिरवी झावळी कापावीच लागली तर ती जखम त्याच दिवशी झाकून टाकते, शेणखताचे ढीग पामांपासून दूर ठेवते, कारण गेंड्या भुंग्याच्या अळ्या तिथेच वाढतात, आणि त्या ढिगांत मेटारायझियम ही किडींवर जगणारी उपयुक्त बुरशी मिसळते. लहान पामांच्या वरच्या पानांच्या बेचक्यांत वाळू आणि निंबोळी पेंड यांचे मिश्रण भरणेही उपयोगी पडते. पावसाळ्यात शेंड्याची सुई, म्हणजे मिटलेले नवे पान, हलके ओढून पाहते. ते हातात आले आणि त्याच्या तळाला कुजका वास असला तर कोंब कुजू लागला असे समजावे. अशा वेळी तास-दिवसांचा प्रश्न असतो.

प्रत्येक मरणाला रोग कारण नसतो, हेही इथे नोंदवते. भेर्ली माडाला माशाच्या शेपटीसारख्या पर्णिका असतात आणि तो फार देखणा दिसतो, पण तो आयुष्यात एकाच दीर्घ बहरात फुलतो. पहिला तुरा शेंड्याजवळ येतो, मग त्याच्या खाली दुसरा, मग तिसरा, असा बहर कित्येक वर्षे खोडावरून उतरत जातो आणि शेवटच्या तुऱ्याची फळे पिकली की ते खोड मरते. असे झाड लावणाऱ्याने ते सुरुवातीपासून जाणून असावे आणि पहिला तुरा दिसताच शेजारी नवे रोप लावून ठेवावे.

सर्वांत मोठे काम म्हणजे एक वाढलेला फॉक्सटेल पाम दुसरीकडे हलवणे. त्याच्या शेजारी भिंत उभी राहणार होती आणि तो तिथे राहिला असता तर त्याच्या निम्म्या झावळ्या कायम घासत राहिल्या असत्या. पाम हलवण्याची उत्तम वेळ म्हणजे माती उबदार आणि दमट असताना, पावसाळ्याच्या तोंडावर, कारण गार मातीत पामची मुळे जवळजवळ वाढतच नाहीत. मुळे तोडल्यावर कोणत्या पामचे काय होते ते जातीवर अवलंबून असते: सबाल पामची तोडलेली मुळे जवळपास सगळीच मरतात आणि बुंध्यातून नवीच यावी लागतात, नारळाची निम्म्याच्या आसपास तगतात, तर रॉयल पामच्या बाबतीत मुळाचा तुकडा जितका लांब ठेवावा तितकी ते तगण्याची शक्यता वाढते. यावरून मी गड्डा शक्य तितका रुंद ठेवायचे ठरवले. आधी काही आठवडे एका बाजूची मुळे तोडून तो चर ओल्या पालापाचोळ्याने भरला, आणि त्या बाजूला पांढरी नवी टोके दिसू लागल्यावरच दुसरी बाजू तोडली.

हलवण्याच्या दिवशी खालच्या निम्म्या झावळ्या काढल्या, कारण तुटलेली मुळे तेवढ्या पानांना पाणी पुरवू शकत नाहीत, आणि उरलेल्या वर गोळा करून मऊ दोरीने बांधल्या. या बांधणीचा हेतू पाणी वाचवण्याबरोबरच कोंबाला आधार देण्याचा असतो. उचलताना शेंड्याला हिसका बसला तर बाहेरून काहीही न दिसता कोंब आत मोडतो. खोडाला पट्टा लावताना खाली गोणपाटाचे जाड वेष्टन घातले. नव्या खड्ड्यात झाड जुन्याच पातळीवर बसवले, माती भरताना पाणी सोडून पोकळ्या बुजवल्या, आणि आधारासाठी तीन तिरके वासे लावले. वासे खोडाला थेट ठोकले नाहीत. खोडाभोवती लाकडी फळ्या पट्ट्याने आवळून, त्या फळ्यांना वासे जोडले.

त्यानंतरचे महिने मी फक्त सुईकडे पाहत होते. सुईच्या कडेला, शेजारच्या देठाच्या उंचीशी जुळेल अशी, शाईची बारीक खूण केली होती. बराच काळ खूण जागची हलली नाही. त्या काळात बांधलेल्या झावळ्या सोडल्या, त्यातल्या दोन वाळल्या, आणि गड्ड्याची ओल सांभाळण्यापलीकडे काहीही केले नाही. तुटलेल्या मुळांपाशी खत दिले तर ती जळतात, म्हणून तेही थांबवले होते. मग एका आठवड्यात खूण देठाच्या वर सरकलेली दिसली, आणि पुढच्या आठवड्यात आणखी. जमिनीखाली नवी मुळे आल्याशिवाय हे घडत नाही. उघडलेले पहिले पान आधीच्या पानांच्या दोन-तृतीयांश लांबीचे होते, दुसरे त्याहून थोडे मोठे. दोन पाने पूर्ण उघडल्यावर गड्ड्याच्या बाहेरच्या कडेने खताची अर्धी मात्रा सुरू केली, आणि वासे मात्र पुढचा पावसाळा व वाऱ्याचा हंगाम उलटल्यावरच काढले. आज त्या झाडाचे खोड पाहिले तर हलवण्याच्या काळात तयार झालेला भाग थोडा अरुंद आहे. तो भरून येणार नाही. अशी अरुंद जागा खोडाचा कमकुवत भाग ठरू शकते, म्हणून तिच्या वरचे खोड पुन्हा भरदार व्हावे यासाठी पालाश आणि मॅग्नेशियमचा हप्ता मी चुकू देत नाही, आणि मोठ्या वाऱ्यानंतर त्या पट्ट्याला चीर गेली नाही ना, ते जवळ जाऊन तपासते.